तयार कानाचे आप्पा

शिरूरमध्ये वीज दोन चवींची येते, हे मला दिनकर भालेरावांनी सांगितलं. तोवर मी वीज असते किंवा नसते, एवढंच समजून चाललो होतो. भालेरावांच्या मते पाटसच्या बाजूला उसाचं गळीत सुरू झालं, बॉयलरं पेटली, की तारांमध्ये चिपाडावरची वीज मिसळते आणि ती अंगानं भरदार असते. गाण्यातला ढोल छातीला लागतो. गळीत संपलं की राहते ती नुसती धरणाची वीज. ती पातळ.

"उन्हाळ्यात मी तबला ऐकतच न्हाई, ढवळे," ते मला म्हणायचे. "पाणचट लागतो."

हे ते थट्टेत म्हणत नसत. भालेराव थट्टा करतच नसत. आमच्या कंपनीत ते प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रे दाबणाऱ्या मशिनांच्या विभागाचे, सुपरवायझर होते आणि मी स्टोअरला. कंपनी एमआयडीसीत, दोघांची घरं शिरूरला दोन गल्ल्यांच्या अंतरावर, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणं आलं आणि शेजारी बसलं की ऐकणं आलं. सगळे त्यांना आप्पा म्हणत. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक लहान टेस्टर, आणि कुणी बोलत असलं की डोळे मिटून मान डावीकडे कलती करायची सवय. समोरच्याला वाटायचं, आप्पा आपलं म्हणणं मनावर घेतायत. प्रत्यक्षात ते आपला आवाज नाकातून येतोय का छातीतून, ते बघत असत. "तुमच्यात बेस कमी हाय," असं त्यांनी आमच्या प्लँट हेडना पगारवाढीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. पगारवाढ झाली नाही, पण तिचा याच्याशी संबंध नसावा.

आप्पांच्या घरात पुढची खोली पाव्हण्यांची नव्हती, आवाजाची होती. दोन माणसाएवढे स्पीकर, मध्ये एक काळा जड अँप्लिफायर, भिंतींवर गोधड्या आणि अंड्यांचे कागदी ट्रे, आणि बरोबर मध्यावर एकच खुर्ची. खुर्चीच्या चार पायांभोवती फरशीवर ऑइलपेंटनं गोल काढलेले. आवाज त्या एकाच जागी खरा येतो, एक वीत इकडे-तिकडे झालं की खोटा. त्यामुळे त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. विमलवहिनी, म्हणजे आप्पांच्या मंडळी, लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं होऊनही तिथं फक्त झाडायला जात.

खोलीच्या मागच्या भिंतीला लागून आर्थिंगचा खड्डा होता. मीठ-कोळसा घालून आप्पांनी तो स्वतः खणला होता. ऐकायला बसायच्या आधी त्यात बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे आवाजातली खरखर जमिनीत जाते, असा त्यांचा नेम. खड्ड्याला लागूनच वहिनींचा मोगरा होता. टँकरच्या दिवसांत मोगरा वाळला. खड्डा ओला राहिला.

"लोकं झाडाला पाणी घालत्यात," वहिनी मला म्हणाल्या. "आमच्यात खड्डा वाढवत्यात."

मला ऐकायला बोलावण्याचा मान पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी आंघोळ करून गेलो होतो. आप्पांनी मला खुर्चीत बसवलं, खांदे धरून थोडं पुढं सरकवलं, हनुवटी उचलली. फोटो काढतात तसं. मग गाणं लावलं. जुनं, आवडीचं. मी सैलावलो, मुखडा झाला, पहिला अंतरा सुरू झाला, माझा पाय ठेका धरायला लागला आणि गाणं बंद पडलं. मला वाटलं लाइट गेली.

"ऐकली का शेपटी?" आप्पांनी विचारलं.

"कसली?"

"झांजेची. ती ठाण्णकन वाजती, मग तिची शेपटी लांबते, बारीक बारीक व्हत जाते. ती कुठवर ऐकू आली?"

मी अंदाजानं दाराकडं बोट केलं. आप्पांचा चेहरा पडला. त्यांना शेपटी थेट बाजारपेठेपर्यंत ऐकू येत असे.

मग दुसरं गाणं लागलं, तेही अर्ध्या अंतऱ्यात थांबलं. मग तिसरं. संध्याकाळभर मी गाण्यांची डोकी ऐकली, धड एकाचंही नाही. शेवटी मी म्हणालो, "आप्पा, एखादं पूर्ण लावा की." त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी कधी विसरलो नाही, कारण ते त्यांनी फार कळवळून दिलं होतं.

"तीच तर चूक व्हती, ढवळे. गाणं पूर्ण लावलं की माणूस गाण्यात जातो. मंग आवाजाकडं ध्यान कुणाचं ऱ्हाईल?"

सिनेमाचीही तीच गत. एका सिनेमात हॉटेलातल्या भांडणात काचेचा ग्लास फुटतो, तेवढंच ते लावत. ग्लास डावीकडे फुटला का मागे, हे सांगायचं. मी एकदा विचारलं, ग्लास फोडला कुणी आणि का. आप्पा बुचकळ्यात पडले. तो सिनेमा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होता आणि त्यात माणसं आहेत ही गोष्ट त्यांच्या बहुधा तेव्हाच लक्षात आली.

"ते आपल्याला काय करायचंय?" ते म्हणाले.

इकडे स्वयंपाकघरात वहिनींचं वेगळंच थिएटर चालायचं. त्या बालवाडीत शिकवायच्या, दुपारी घरी आल्या की मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करायच्या, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि भाजी निवडत सिनेमा बघायच्या. आवाज पत्र्याच्या डब्यात भांडण लागल्यासारखा यायचा. वहिनी त्यावर पोटभर हसायच्या, नायिकेच्या सासूला शिव्या द्यायच्या, पदरानं डोळे पुसायच्या. आप्पा तेव्हा पाणी प्यायलाही स्वयंपाकघरात जात नसत. "कानावर वळ उठतात," म्हणायचे. कुणाचं संगीत चाललंय आणि कुणाचं नुसतं सामान, असा प्रश्न माझ्या मनात यायचा, पण चहा वहिनी करत आणि खुर्ची आप्पा देत, त्यामुळे मी तो कुणालाच विचारला नाही.

आप्पांचे कान खरंच तयार होते का, यावर कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, आप्पांना प्रेसचा बिघाड आठवडाभर आधी ऐकू येतो. दुसऱ्या तटाचं म्हणणं, आप्पा दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या प्रेसला बिघाड सांगतात, आणि आमच्या प्रेस अशा आहेत की कधी ना कधी ते खरं होतंच. मी स्टोअरचा माणूस. मोडलं की स्पेअर द्यायचा, आधी कुणाला कळलं होतं हे विचारायचं नाही.

आप्पांना स्वतःला मात्र शंका नव्हती. कान कसा तयार झाला, हेही ते सांगत. आमचं प्रेस शॉप म्हणजे तिथं शेजारच्याशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात. कंपनी रबराचे इअर प्लग देते. मीच ते स्टोअरमधून वाटायचो. सगळे घालत. आप्पांनी कधी घातले नाहीत.

"पैलवान मातीला भिऊन आखाड्यात उतरतो का?" ते विचारायचे. "ह्या दणक्यात ज्याला बारीक आवाज येगळा काढता आला, त्याचा कान तयार. प्लग घातला की कानाला आराम लागतो. आराम लागला की बसला."

असा त्यांनी कान पंचवीस-तीस वर्षं तालमीत घातला. सेफ्टीवाल्या पोरानं टोकलं की ते डोळे मिटून मान कलती करायचे आणि "तुझा आवाज फाटतोय" म्हणून त्याला घालवायचे.

मग वायर आली. कुठल्याशा ग्रुपवर वाचून आप्पांनी स्पीकरसाठी एक खास वायर मागवली होती. अंगठ्याएवढी जाड, पारदर्शक, आत तांब्याचा लखलखीत पीळ. ती आली तेव्हा आप्पांची दुसरी पाळी होती, म्हणून त्यांनी गल्लीतल्या बबन इलेक्ट्रिशियनला ती जोडून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार. मला आणि कॅन्टीनच्या दोन्ही तटांतल्या एकेका माणसाला बोलावणी गेली. खड्ड्याला दोन बादल्या पडल्या. वायरी गोधड्यांआडून जात, त्यामुळे जोडणी कुणी पाहिली नाही. आम्ही पाळीपाळीनं खुर्चीत बसलो.

आप्पा शेवटी बसले. गाणं सुरू झालं आणि त्यांचा चेहरा असा काही निवळला की मला त्यांचा हेवा वाटला. "मधी पडदा व्हता बघा," ते हळूच म्हणाले. "कुणीतरी उचलला. झांज बघा कुठवर चाललीय." आम्हीही हो म्हणालो. मला खरोखरच फरक वाटला, खोटं कशाला बोलू. आवाज मोकळा झाला होता. विरुद्ध तटाचा गडीसुद्धा म्हणाला, "न्हाई म्हणलं तरी, फरक हाय."

खोलीत उकडत होतं, म्हणून चहा गच्चीवर झाला. गच्चीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नवी, अंगठ्याएवढी जाड, पारदर्शक दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर वहिनींची एक गोधडी अन् दोन चादरी वाळत होत्या. उन्हात दोरीच्या आतलं तांबं झळकत होतं.

वहिनी चहा घेऊन वर आल्या. "बबन म्हणला, जुनी वायर धडधाकट हाय, ही कशाला वाया घालवायची. मी कवाची दोरी मागत व्हते, तर बांधून दिली बिचाऱ्यानं. लई मजबूत हाय. गोधडीनं वाकली सुदिक न्हाई."

आप्पा दोरीपाशी गेले. तिच्यावरची छापील अक्षरं त्यांनी टोकापर्यंत वाचली. गोधडी थोडी सरकवून पाहिली. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ओलं टाकू नका हिच्यावर. कॉपर हाय."

पुढच्या रविवारी त्यांनी ती वायर उतरवून स्वतः स्पीकरला जोडली आणि मला निरोप पाठवला, की खरा फरक आता आलाय.

यात लबाडी कुठंच नव्हती, म्हणून मी त्यांच्यावर हसूनही त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांना ऐकू यायचं. कुठून यायचं तो भाग वेगळा.

कंपनीत दर वर्षी कानाच्या तपासणीची गाडी येते. गाडीत फोनच्या बूथसारखी एक बंद पेटी. आत बसायचं, हेडफोन लावायचे, टीप वाजली की बटण दाबायचं. आप्पा दर वर्षी त्या दिवशी रजा टाकायचे. म्हणायचे, परीक्षा त्यानं द्यावी ज्याला पास व्हायचंय. त्या वर्षी मात्र कंपनीनं तपासणी केल्याशिवाय गेटवर हजेरी लागणार नाही, असा नियम काढला. प्रेस शॉप रांगेत उभं राहिलं. आप्पा रांगेत सगळ्यांना सांगत होते की हेडफोन हलका असला तर मशीन काय मोजणार. मग ते आत गेले, डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली.

तपासणारी मुलगी काचेतून बघत होती. गाडीचं दार उघडं, आम्ही समोरच. बऱ्याच वेळानं तिनं पेटी उघडली.

"काका, टीप वाजली की बटण दाबायचं."

"ठावं हाय. वाजू तर द्या."

"वाजली ना. किती वेळा वाजली."

"हेडफोन गेलाय तुमचा."

तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. मग रांगेतल्या पुढच्याला, एका बिहारी हेल्परला बसवलं. तो आत जाऊन टकाटक बटण दाबून बाहेर आला. आप्पांना परत बसवलं. पुन्हा तेच. जाड आवाजांना ते बटण दाबत होते. आवाज जसजसा बारीक होत गेला तसतसा त्यांचा हात मांडीवर पडून राहिला.

"बारीक आवाज तुम्हाला येतच नाहीत, काका," ती मुलगी म्हणाली. तिला रांग संपवायची होती. "एका पट्टीच्या वर काहीच नाही. खूप वर्षांपासून गेलं असेल, हे एकदम होत नाही. प्लग घालत नव्हता का?"

आप्पांनी विचारलं, "झांज?"

"काय?"

"झांज वाजती, तिचा मागचा बारीक आवाज. तो?"

"तो कसा येईल? त्याच्याही वरच्या पट्टीतला आहे तो. पुढचे या."

आप्पा गाडीतून उतरले. रांगेतलं कुणीही हसलं नाही. हसायची इतकी वर्षांची तयारी होती, पण वेळ आली तेव्हा कुणाला जमेना. पाळी सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेलो. त्यांनी मला एकच विचारलं, "ढवळे, मग मी इतकी वर्षं ऐकत व्हतो ते काय व्हतं?" मी म्हणालो, बस आली.

त्या दिवसापासून त्यांनी संगीत सोडलं. अँप्लिफायरवर चादर पडली. पुढच्या खोलीला कुलूप नाही, पण दार लोटलेलं. आर्थिंगचा खड्डा कोरडा पडला. कानाच्या मशीनचं डॉक्टरांनी सुचवलं, तर ते म्हणाले, शेंगदाण्याएवढा स्पीकर, त्याच्यात आवाज कुठला. हा त्यांचा शेवटचा तांत्रिक अभिप्राय. नंतर ते कशावरच बोलेनात. बसमध्ये शेजारी बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

एके दिवशी वहिनीच माझ्या घरी आल्या. त्या कधी येत नसत. माझ्या बायकोनं पाणी दिलं ते हातात धरून बसल्या.

"भाऊजी, तुम्ही त्यांना काय तरी सांगा. कंपनीतनं येत्यात, जेवत्यात, भिताडाकडं बघत बसत्यात. ती खोली मला कवा आवडली न्हाई. पर आता ती बंद हाय तर घरात कुणी गेल्यागत वाटतं. त्यांना ऐकू दे न्हायतर न ऐकू दे, पर त्यांनी लावावं. माणूस असा बसून संपतो, भाऊजी."

मी जाऊन सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लावून काय बघू? शेपटी तर न्हाईच."

मग माझा इलाज खुंटला. वहिनींनी मात्र स्वतःच एक उपाय काढला, आणि तो इतका साधा होता की मला सुचला नसता. पाव्हणे येतात तेव्हाची घडीची खुर्ची त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन टाकली आणि आप्पांना सांगितलं, गवार मोडायला बसा. नुसते बसून असता तर हात तरी चालवा. आप्पा बसले. समोर पातेल्यात मोबाइल, मोबाइलवर सिनेमा.

काही दिवसांनी मी गेलो तेव्हा दोघं तसेच बसले होते. पडद्यावर कुणीतरी रडत होतं. आप्पांनी मला हातानंच बसायची खूण केली.

"काय म्हणली ती?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"म्हणली, मी या घरात पाऊल ठेवणार न्हाई."

"ठेवायचंच न्हाई. बरोबर हाय." मग माझ्याकडे वळून, "ढवळे, त्या ग्लासवाल्या सिनेमाचं कळलं का? ग्लास भावानंच फोडला. त्याला वाटलं बहिणीनं आपल्याला फसवलं. तसं काय नव्हतं हो. लई वाईट झालं."

असं बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या सिनेमातलं पहिल्यांदा काही सांगितलं. मला बरं वाटलं. पण पुढची खोली बंदच होती, आणि गाण्याचं नाव काढलं की ते उठून जायचे. सिनेमाला आता त्यांची हरकत नव्हती. गाण्यानं त्यांना फसवलं होतं.

आप्पा मूळचे दौंडचे. त्यांचे वडील सखाराम रेल्वेत खलाशी होते आणि गायन पार्टीत भीमगीतं गायचे, स्वतः रचायचेही. ते गेल्यावर पार्टी आप्पांच्या धाकट्या भावानं, बाळूनं, चालवली. दर जयंतीला आप्पा दौंडला जात, पण गायला किंवा ऐकायला नाही, साउंड लावायला. दुपारपासून वायरी ओढायच्या, बॉक्सचं तोंड कुठं करायचं ते ठरवायचं, आणि गाणी सुरू झाली की पार मागं, जनरेटरपाशी उभं राहून नापसंतीनं मान हलवायची. वडिलांच्या आवाजाबद्दलही त्यांचं मत होतं. "गळा चांगला व्हता," ते म्हणायचे, "पर कर्ण्यातनं चिरायचा. मधला भाग यायचाच न्हाई."

त्या वर्षी ते जाणारच नव्हते. बाळूचे फोन आले, त्यांनी घेतले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, तुम्ही चला, तुम्ही असला तर ते येतील. आम्ही तिघं एसटीनं दौंडला गेलो. आप्पांच्या खिशात टेस्टर नव्हता.

दिवस मावळायला आला होता. वॉर्डातल्या चौकात मांडव, निळ्या पताका, पुढं ताडपत्र्या अंथरलेल्या. बायका, म्हातारी माणसं, मांडीवर पोरं. साउंडला बाळूनं कुणी नवा माणूस सांगितला होता आणि त्यानं आवाज असा लावला होता की पहिल्याच आलापाला बॉक्स किंचाळले. मी आप्पांकडे बघितलं. त्यांना ते जाणवलंही नसावं. ते सवयीनं मागं निघाले होते, पण वहिनींनी हाताला धरून त्यांना ताडपत्रीवर, पार पुढं, आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. मला वाटतं त्यांची तिथं बसण्याची ही पहिलीच वेळ असावी. पाय कुठं घ्यावेत ते त्यांना कळेना.

दोन-तीन गाणी झाली. आप्पा मान खाली घालून ताडपत्रीची सुतळी उसवत होते. मग बाळूनं पेटी पुढं ओढून सांगितलं, आता आमच्या वडिलांचं गाणं. लोकांनी आधीच टाळ्या वाजवल्या. मुखडा झाला, पहिला अंतरा सुरू झाला. त्याच्या निम्म्यावर आप्पांचा हात मांडीवर जरासा उचलला गेला, बंद करायचं बटण शोधत असल्यासारखा, आणि खाली पडला. बटण नव्हतं. गाणं पुढं गेलं. दुसरा अंतरा. तिसरा. आप्पांनी मान वर केली.

या गाण्यांची रीत सगळ्यांना माहीत असते. शेवटच्या अंतऱ्यात रचणारा आपलं नाव घालतो, म्हणजे गाणं कुणाचं ते लोकांना कळतं. बाळूनं आवाज चढवला, ढोलकीनं उठाव घेतला.

"पाटी नव्हती घरात आमच्या, लेकरू शाळा शिकलं,
सांगे दिनकरचा बाप, भीमाचं म्हणणं टिकलं."

सगळा मांडव ती ओळ बरोबर म्हणाला. म्हाताऱ्यांना पाठ, पोरांना पाठ. मी चरकून आप्पांकडे बघितलं. ते इकडे-तिकडे बघत होते. ढोलकी त्यांना येत होती, शब्द येत नव्हते.

"काय म्हणला?" त्यांनी वहिनींना विचारलं. "नाव काय घातलं?"

वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या. "दिनकरचा बाप."

"सखाराम म्हणला आसंल."

"सखाराम न्हाई. दिनकरचा बाप. मामंजी म्हणायचे, सखारामाला कोण वळखतंय. माझा दिनकर कंपनीत सायेब हाय, त्याचा बाप म्हणलं की समदे वळखतील."

आप्पांनी स्टेजवरच्या बाळूकडे बघितलं.

"हे कवापासनं?"

"पहिल्यापासनं. मामंजी सोता म्हणायचे तवापासनं. साऱ्या दौंडला ठावं हाय."

"मला कसं न्हाई ठावं?"

वहिनी रागावल्या नव्हत्या. सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "तुम्ही तवा वायरी बघत व्हता."

आप्पा उठले. बसलेल्या माणसांमधून वाट काढत स्टेजकडे निघाले. साउंडवाल्यानं त्यांना येताना पाहिलं. आप्पा भालेराव कोण हे त्याला ठाऊक होतं, आपण आता बोलणी खाणार म्हणून तो मशीनसमोरून उठून बाजूला झाला. आप्पा त्याच्यावरून, मशीनवरून, त्या किंचाळणाऱ्या बॉक्सवरून पुढं गेले आणि बाळूसमोर उभे राहिले. गायन पार्टीत एखादी ओळ परत हवी असली की नोट पुढं करतात. त्यांनी खिशात हात घातला, हाताला आली ती नोट बाळूपुढं धरली. बाळूचा हात पेटीवरच थांबला. मोठ्या भावानं त्याच्याकडे आजवर कधी गाणं मागितलं नव्हतं.

निवेदकानं माइकवर सांगितलं, दिनकर सखाराम भालेराव, शिरूर, यांची फर्माईश, शेवटचा अंतरा. वहिनींनी माझ्यासमोरच तोंडाला पदर लावला.

बाळूनं अंतरा परत घेतला. आप्पा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. डोळे मिटलेले नव्हते, मान कलती नव्हती. ते भावाच्या ओठांकडे बघत होते, एकेक शब्द सुटताना बघत होते, आणि 'दिनकरचा बाप' आला तेव्हा त्यांचे ओठही हलले. ओळ संपली तरी ते तिथंच उभे राहिले, म्हणून बाळूनं ती तिसऱ्यांदा म्हटली.